भयज अतिसार आणि ‘झोळीवाला बाबा’
एक ते चार वर्षे वयाच्या बालकांच्या भावनिक व सामाजिक विकासाविषयी काही विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसाराचे वर्णन करताना दोषज प्रकारांनंतर दोन मानस अतिसार सांगितले आहेत : एक भयज आणि दुसरा शोकज. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनीच ही नावे पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि व्यवसायात पडल्यावर बहुतेकांनी ती ग्रंथातच ठेवून दिली. अतिसाराचा रुग्ण आला की अग्नी, आम, दूषित जल आणि अपथ्य यांचा विचार आपल्या मनात प्रथम येतो व तो योग्यही आहे. परंतु भय हा हेतू आपण प्रश्नपत्रिकेबाहेर कधी विचारतो का? तीन वर्षेही पूर्ण न झालेल्या एका बालरुग्णाने हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला. त्या अनुभवाच्या निमित्ताने, बालकाच्या मनाची जडणघडण आणि आपली चिकित्सा यांचा संबंध प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

रविवारी बरा असणारा रुग्ण

पावणेतीन वर्षांचा एक मुलगा दीड महिन्यापासून होणाऱ्या द्रवमलप्रवृत्तीसाठी आमच्याकडे आणला गेला. दिवसातून तीन-चार वेळा पातळ मल, पोटात कळ, भूक मंद. ज्वर नाही, मलात रक्त नाही, वजन वयानुरूप, मलपरीक्षण प्राकृत. आम्ही अग्निमांद्य मानून दीपन-पाचन योजिले. कुटज, बिल्व, मुस्ता यांचे कल्प वयानुरूप मात्रेत दिले, मऊ भात, ताजे ताक, डाळिंब असे पथ्य सांगितले. तीन आठवडे झाले. चार दिवस बरे, पुन्हा तीन दिवस तक्रार, असेच चालले होते. आम्ही कल्प बदलले, मात्रा बदलली. बदलला नाही तो आमचा प्रश्न.

एके दिवशी आईऐवजी वडील बालकाला घेऊन आले. बोलता बोलता ते सहज म्हणाले, “डॉक्टर, रविवारी मात्र याचं पोट अगदी चांगलं असतं बघा.”

त्या एका वाक्याने आमच्या तीन आठवड्यांच्या केसपेपरवर प्रश्नचिन्ह उमटले. जो अतिसार वार पाहून येतो, त्याचे मूळ केवळ आहारात असणे कठीण. मग आम्ही सावकाश विचारपूस केली. दोन महिन्यांपूर्वी मुलाला एका बालवर्गात घालण्यात आले होते. पहिल्या दिवशी तो फार रडला. तेव्हापासून आई त्याला खेळण्यांत गुंतवून मागच्या मागे निघून जात असे. ‘रडणं बघवत नाही’ हे तिचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. वर्गात रडणे थांबेना तेव्हा तेथील सेविकेने सांगितले, “गप्प बस, नाहीतर झोळीवाला बाबा येऊन घेऊन जाईल.” घरी आजीही जेवताना याच बाबाला बोलावीत असत. अर्थात, ज्या ठिकाणी आई न सांगता नाहीशी होते, त्याच ठिकाणी मुले पळविणारा कोणी येण्याची शक्यता त्या बालकाला रोज सकाळी दिसत होती. पाठीवर दप्तर चढले की त्याच्या पोटात कळ येत असे.

चरकाचार्यांनी भयज व शोकज अतिसारात वातहर क्रिया, हर्षण आणि आश्वासन ही चिकित्सा सांगितली आहे. आम्ही औषध कमी केले आणि आश्वासन वाढविले. ते कसे, हे पुढे येईलच.

संहितांतील बालमन

कौमारभृत्य म्हटले की आपल्यासमोर लेह, सुवर्णप्राशन, दंतोद्भेदजन्य व्याधी आणि ग्रहबाधा येतात. परंतु आचार्यांनी बालकाच्या मनाकडे किती बारकाईने पाहिले होते हे पुन्हा वाचताना विस्मय वाटतो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन येते. खोली प्रशस्त असावी, अंधारी नसावी, हवा खेळती असावी पण वाऱ्याचा झोत नसावा. त्यानंतर खेळण्यांचे नियम येतात : ती विविध प्रकारची, नाद करणारी व मनोहर असावीत, जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील इतकी लहान नसावीत आणि भीतिदायक नसावीत. आज खेळण्यांच्या सुरक्षिततेचे जे निकष आपण वेष्टनावर वाचतो, त्यांतील बहुतेक येथे आले आहेत. आणि लगेचच आचार्य सांगतात की बालकाला घाबरविणे हितकर नाही. ते रडत असेल, जेवत नसेल वा ऐकत नसेल, तरी राक्षस, पिशाच, पूतना आदींची नावे घेऊन त्याला भिववू नये. झोळीवाल्या बाबाचा निषेध इतक्या स्पष्ट शब्दांत झालेला असताना आपण तो रुग्णाच्या आईला कधी सांगत नाही, हे आपले उणे आहे.

सुश्रुताचार्य शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतात की बालकाला त्याला सुख वाटेल अशा रीतीने धरावे, त्याला धाकदपटशा करू नये, झोपेतून एकाएकी जागे करू नये, त्याच्या आवडीच्या गोष्टींनी त्याला रिझवावे. असे ज्याचे मन दुखावले जात नाही ते बालक सत्त्वसंपन्न, नीरोग आणि प्रसन्नचित्त होते, असा त्याचा फलनिर्देशही ते करतात. काश्यपसंहितेतील वेदनाध्याय तर बोलता न येणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या वर्तनावरून ओळखण्याचे शास्त्रच आहे : कान दुखणारे बालक हात कानाकडे नेते, शिर:शूल असलेले मस्तक हलवीत राहते. वर्तन ही बालकाची भाषा आहे, हे सूत्र त्यामागे आहे. कानाच्या वेदनेला जे लागू, ते मनाच्या वेदनेला का लागू नसावे?

एक ते चार : मनाची घडण

सुश्रुतांनी बाल्यावस्थेचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे आहारानुसार तीन भाग केले आहेत : एक वर्षापर्यंत, दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढे. गंमत अशी की आधुनिक बालमानसशास्त्राने सांगितलेली मनाची वळणेही याच सुमारास येतात.

आठव्या-नवव्या महिन्यापासून बालक परक्या माणसाला बुजू लागते. आई दृष्टीआड होताच रडण्याची प्रवृत्ती त्याच काळात सुरू होऊन साधारणपणे दीड वर्षापर्यंत तीव्र असते. अनेक माता याला ‘नजर लागली’ किंवा ‘फार अंगावरचा झाला’ असे म्हणतात. प्रत्यक्षात हे प्रगतीचे लक्षण आहे. आई ही एक विशिष्ट व्यक्ती असून ती नसतानाही कोठेतरी असते, एवढे बालकाला कळू लागल्याचा तो पुरावा होय. वर्षाच्या सुमारास ते अनोळखी वस्तू पाहिली की प्रथम आईच्या चेहऱ्याकडे पाहते. ती हसली तर पुढे जाते, ती घाबरली तर थबकते. म्हणजे जग सुरक्षित आहे की नाही, हे बालक आपल्या माणसांच्या मुद्रेवरून शिकते.

दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे त्याला उमगते. ‘मी’ जन्माला येतो आणि पाठोपाठ ‘माझं’ व ‘नाही’ हे शब्द येतात. दुसरे मूल रडताना पाहून ते गंभीर होते, कधी आपले खेळणे त्याच्यापुढे धरते. दोन वर्षांची दोन मुले शेजारी बसून आपापले खेळतात. एकत्र खेळत नाहीत म्हणून काळजीचे कारण नसते. तीन वर्षांच्या आसपास ती एकमेकांच्या खेळात शिरू लागतात आणि चौथ्या वर्षी ‘तू डॉक्टर, मी पेशंट’ असा कल्पनेचा खेळ बहरतो. वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे गुण याच खेळांतून हळूहळू येतात. दोन वर्षांच्या बालकाने पाहुण्यांच्या मुलाला खेळणे दिले नाही म्हणून त्याला ‘स्वार्थी’ ठरविणे म्हणजे दात न आलेल्या बालकाला ऊस चघळता येत नाही म्हणून रागावण्यासारखे आहे.

हट्ट हा व्याधी नव्हे

‘फार हट्टी झालाय, डोकं शांत राहील असं काहीतरी द्या’ ही मागणी आपल्या प्रत्येकाच्या दवाखान्यात येते. दीड ते साडेतीन वर्षे हा हट्टाचा बहराचा काळ. बालकाची इच्छा मोठी असते, शब्द थोडे असतात आणि इच्छेला आवर घालणारी धृती अद्याप घडत असते. मेंदूच्या पुढील भागातील ज्या केंद्रांवर आत्मसंयम अवलंबून असतो, त्यांची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते असे आज मानले जाते. चरकाचार्यांनीही विमानस्थानात तिसाव्या वर्षापर्यंत सत्त्व बहुधा अस्थिर असते असे नोंदविले आहे. दोन्ही मोजमापे एकच आहेत असा आमचा आग्रह नाही. परंतु तीस वर्षांची सवलत देणाऱ्या आचार्यांचे शिष्य म्हणवून घेणाऱ्या आपण तीस महिन्यांच्या बालकाला सवलत देऊ नये, हे विसंगत होय.

जमिनीवर लोळून रडणारे बालक आपल्याला जिंकण्यासाठी रडत नाही, त्याला स्वत:ला सावरता येत नाही म्हणून ते रडते. अशा वेळी उपदेश व्यर्थ, मार अनर्थकारी आणि चॉकलेट वा मोबाईल देणे ही पुढच्या हट्टाची पेरणी. जवळ बसावे, लागेल असे काही बाजूला करावे, आवाज खाली ठेवावा, आणि रडे ओसरल्यावर ‘तुला राग आला होता, फुगा फुटला म्हणून’ असे त्याच्या भावनेला नाव द्यावे. नाव मिळालेली भावना पुढच्या वेळी किंचाळीऐवजी शब्दाने बाहेर पडते. मागणी मात्र अयोग्य असेल तर ती रडून पूर्ण होत नाही, हेही प्रेमाने ठाम ठेवावे. ब्राह्मी, शंखपुष्पी आदी मेध्य द्रव्यांचे स्थान आम्ही नाकारीत नाही. परंतु घराचा त्रास कमी व्हावा म्हणून प्राकृत बालकाला ‘शांत’ करण्यास ती वापरणे हा त्या द्रव्यांचाही अवमान आहे.

हट्टाआधी तीन गोष्टी मात्र अवश्य पाहाव्यात : भूक, झोप आणि मलावष्टंभ. कित्येक ‘रागीट’ बालके दुपारची झोप नियमित होताच निवळतात. पडद्याच्या बाबतीत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस दोन वर्षांखाली अजिबात नाही व दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा अधिक नाही, अशी आहे. जेवताना मोबाईल दाखविण्याची रूढी तन्मना होऊन जेवावे या आपल्या आहारविधीच्याही विरुद्ध आहे.

निरोप घेण्याचे शास्त्र

आता त्या मुलाच्या चिकित्सेकडे वळू. आम्ही प्रथम आईला सांगितले, “ताई, उद्यापासून न सांगता जायचे नाही. तो रडला तरी चालेल. ‘मी जाते आणि तुझा डबा खाऊन झाला की येते’ असे सांगा, आणि त्याच वेळेला या.” घड्याळ न कळणाऱ्या बालकाला डबा कळतो. आईच्या ओढणीचा एक तुकडा खिशात ठेवण्यास सांगितला. रात्री अभ्यंग आणि गोष्ट. आजींना थोडे वाईट वाटले. त्या म्हणाल्या, “आम्हीसुद्धा अशीच वाढवली की मुलं!” आम्ही म्हटले, “आजी, तुम्ही मुलांना जवळ घेऊन गोष्टीही सांगितल्यात ना? तेवढं ठेवू, बाबाला रजा देऊ.” त्या हसल्या व ऐकले. बालवर्गातील सेविकेशी वडील बोलले. पहिले पाच दिवस मुलगा पूर्वीपेक्षा अधिक रडला, आणि आईचा धीर सुटत आला होता. दुसऱ्या आठवड्यापासून मलप्रवृत्ती सुधारू लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर चार दिवस पुन्हा उचल झाली व आपोआप शमली. दीड महिन्याने औषध पूर्ण बंद केले.

वियोगाचा परिणाम किती खोल असतो हे वैद्यकाने उशिराच ओळखले. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात आठ दिवस आईविना राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. त्या काळी तेथील रुग्णालयांत पालकांना भेटीची वेळ अत्यल्प असे. बालक रडायचे थांबले की ते ‘रुळले’ असे मानले जाई. ती मुलगी फार रडली नाही, पण तिचा चेहरा मिटत गेला, हे त्या चित्रपटात दिसले. १९५९ साली तेथील एका शासकीय समितीने पालकांना भेटीची मुक्त मुभा असावी अशी शिफारस केली. गप्प झालेले बालक म्हणजे समाधानी बालक नव्हे, हा त्यातून घ्यायचा बोध.

आपल्याकडेही गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले व भयमुक्त शिक्षणाचा आग्रह धरला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे ते कार्य आदिवासी अंगणांपर्यंत नेले. महाराष्ट्रात बालशिक्षणाची ही परंपरा असताना आजच्या बालवर्गांत झोळीवाला बाबा शिकवायला असावा, हे खेदजनक आहे.

आम्हीच बागुलबुवा

येथे आत्मपरीक्षणही करावयास हवे. “औषध पी, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील,” असे प्रतीक्षाकक्षात आई म्हणते आणि आपण आतून हसतो. आम्हीही वर्षानुवर्षे हसलो. त्या हसण्याने आपण राक्षस-पिशाचांच्या यादीत आपलेच नाव घालून घेतो, आणि मग नाडी पाहण्यापूर्वीच बालक किंचाळते. पोट तपासता येत नाही, घसा पाहता येत नाही. घाबरलेल्या बालकाचे निदान चुकते, हा त्या विनोदाचा मोबदला.

आता आम्ही तेथल्या तेथे सांगतो, “नाही हं, मी उगाच सुई देत नाही.” बालकाला आईच्या मांडीवरच तपासतो, आधी त्याच्या बाहुलीचे पोट ऐकतो, मग त्याचे. वेदनादायक काही करावयाचे असेल तर ‘थोडं दुखेल, लगेच थांबेल’ असे खरे सांगतो. यास दोन-तीन मिनिटे अधिक लागतात. पुढच्या भेटीत ती परत मिळतात.

धीर देण्याची मर्यादा

आश्वासन ही चिकित्सा आहे, परंतु अस्थानी दिलेले आश्वासन हा प्रज्ञापराध ठरतो. याचाही अनुभव लपवू नये. बावीस महिन्यांचे एक बालक ‘अजून बोलत नाही’ म्हणून आमच्याकडे आले होते. घरचे म्हणाले, वडीलही उशिरा बोलले होते. आम्ही मान डोलावली, वचा-ब्राह्मीचा कल्प दिला आणि धीर दिला. हाक मारल्यावर ते वळते का, बोट दाखवून ‘ते बघ’ असे सांगते का, डोळ्यास डोळा देते का, हे आम्ही विचारले नाही. आठ महिन्यांनी दुसरीकडे स्वमग्नतेचे निदान झाले. आज त्याच्यावर योग्य उपचार चालू आहेत आणि प्रगतीही आहे. पण ते आठ महिने आम्ही परत देऊ शकत नाही.

म्हणून पुढील लक्षणे असता केवळ धीर देऊन थांबू नये : वर्षाचे बालक हाकेला प्रतिसाद देत नाही, दीड वर्षाचे बालक बोटाने काही दाखवीत नाही, दोन वर्षांच्या बालकाला माणसांपेक्षा वस्तूंच्या फिरण्यातच रस आहे, तीन वर्षांचे बालक इतर मुलांकडे पाहतही नाही, हट्टाच्या वेळी स्वत:ला वारंवार इजा करून घेते, आणि कोणत्याही वयात, आलेले शब्द वा कौशल्य नाहीसे होते. श्रवणपरीक्षा व विकासतज्ज्ञांचे मत विनाविलंब घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या तपासणी पथकांत आयुष वैद्यांनाच स्थान दिलेले आहे आणि पुढील उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. ही जबाबदारी शासनाने आपल्या हाती दिली असता आपण ती ‘मुलगे उशिराच बोलतात’ एवढ्यावर सोडू नये.

केसपेपरवरील पाच प्रश्न

त्या दोन बालकांनंतर आम्ही एक ते चार वर्षांच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर पाच प्रश्न छापून घेतले आहेत.

१. तक्रार कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणाजवळ असता वाढते?
२. गेल्या तीन महिन्यांत घरात काय बदलले : बाळंतपण, स्थलांतर, बालवर्ग, कोणाचे जाणे?
३. दिवसभर बालकाजवळ कोण असते आणि रडल्यावर ते काय करतात?
४. ऐकत नाही तेव्हा कोणाची भीती घातली जाते?
५. बालक हाकेला वळते का, बोटाने दाखविते का, इतर मुलांत रमते का?

चौथा प्रश्न विचारताच बहुतेक माता खाली पाहतात. त्यांना दोष देण्यासाठी तो नाही. दिवसभर एकटीने मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला धाक हे हाताशी असलेले एकमेव साधन वाटते. तिला दुसरे साधन देणे हे आपले काम आहे.

काही दिवसांपूर्वी तो मुलगा साध्या प्रतिश्यायासाठी आला होता. आता तो चार वर्षांचा आहे. खुर्चीवर चढून त्याने स्वत:च जीभ दाखविली आणि मग विचारले, “काका, तुम्ही झोळीवाल्या बाबाला घाबरता?” आम्ही म्हटले, “नाही. तू?” तो थोडा विचार करून म्हणाला, “थोडा थोडा.”

भय असे समूळ जात नाही, ते बोलता येण्याजोगे होते. बालकाला तेवढे बोलता यावे, यासाठी वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या दवाखान्यात जागा ठेवावी, एवढीच विनंती.